साबण मुरायला सहा आठवडे, हप्ता मात्र चौथ्या आठवड्यात

२२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाला लावायच्या साबणाच्या वडीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाईक म्हणून तुम्हा-आम्हाला आनंद व्हावा अशीच ती गोष्ट. पण गावात घरगुती साबण करून विकणाऱ्या महिला बचत गटाच्या बाजूला उभे राहून तोच हिशेब मांडून बघा.

समजा, कंपनीच्या एका साबणाची कराआधीची किंमत ५० रुपये आहे. पूर्वी त्यावर ९ रुपये कर बसून वडी ५९ रुपयांना पडायची. आता कर अडीच रुपये, म्हणजे वडी साडेबावन्न रुपयांना. गटाचं काय? राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही, विक्रीवर कर लावावा लागत नाही. म्हणजे कंपनीच्या साबणापुढे गटाच्या साबणाला आपसूक जी ९ रुपयांची आड होती, ती अडीच रुपयांची राहिली. कच्च्या मालावर भरलेला कर मात्र गटाला परत मिळत नाही. कॉस्टिक सोड्यावरचे १८ टक्के तसेच राहिले. रक्कम लहान आहे हे कबूल, पण वडीमागे चार-पाच रुपये सुटणाऱ्या धंद्यात लहान रकमाच मोठ्या असतात.

त्यात तेलाचं दुखणं. १४ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने कच्च्या पामतेल, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा हा त्यातला हेतू रास्तच होता. पुढे मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. याच दरम्यान खोबरेल तेलाने विक्रमी भाव पाहिला. २०२५ च्या मध्यावर केरळात लिटरचा दर ४०० रुपयांच्या वर गेला. कोकणात मग मोठी गंमत झाली. एकाच घरात नारळ विकणारा नवरा खूश आणि खोबरेल विकत घेऊन साबण करणारी बायको कपाळाला हात लावून बसलेली.

तरी कर आणि तेल ही वरवरची दुखणी म्हणायची. भाव चढतात, उतरतात. घरगुती साबणाचा धंदा गावोगाव सुरू होतो आणि वर्ष-दोन वर्षांत बंद पडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा वेळेच्या हिशेबात आहे. थंड पद्धतीचा साबण आज केला तर दीड महिन्याने विकण्याजोगा होतो. गटाला प्रशिक्षण देणारे, कर्ज देणारे आणि प्रदर्शनाचं बोलावणं धाडणारे, या तिघांपैकी कोणीच हा दीड महिना धरून चालत नाही. म्हणून कच्चा साबण बाजारात येतो. तो साबणदाणीत चार दिवसांत विरघळतो आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

साबण होतो तरी कसा?

आधी एक घोळ मिटवू. "हाताने केलेला साबण" या नावाखाली दोन वेगळे धंदे चालतात. एकात साबणाचा तयार गोळा, ज्याला बाजारात सोप बेस म्हणतात, तो विकत आणून वितळवायचा, रंग-वास घालून साच्यात ओतायचा. तो दोन तासांत तयार होतो, मुरवावा लागत नाही. एका दिवसाच्या प्रशिक्षणात बहुधा हेच शिकवतात, कारण संध्याकाळी प्रत्येकीच्या हातात एक वडी देऊन फोटो काढता येतो. यात गैर काही नाही. पण साबण तयार करण्याचा नफा बेस विकणाऱ्याच्या घरात गेलेला असतो. गटाला उरते ती ओतण्याची मजुरी.

दुसरा धंदा तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून साबण करण्याचा. तेल न उकळता, कोमट असताना सोड्याच्या पाण्यात मिसळायचं, म्हणून ही थंड पद्धत. साबण होताना सुटणारं ग्लिसरीन वडीतच राहतं, ही हिची मोठी खूण. मोठे कारखाने सहसा ते काढून वेगळं विकतात. अखाद्य तेल आणि साबण हा खादी व ग्रामोद्योगाच्या यादीतला जुना विषय आहे. कडुनिंब, करंज, मोह यांच्या बिया गोळा करून तेल काढायचं आणि त्याचा साबण करायचा, ही कल्पना काही आजची नव्हे. आपल्याकडे तर कोकमाच्या बियांचं तेलही आहे. आमसुलं आणि सरबत करून उरलेल्या बिया अनेक ठिकाणी कवडीमोलाने जातात. त्यांचं घट्ट तेल साबणाला कडकपणा देतं.

आता एका घाण्याचं माप पाहू. ३०० ग्रॅम खोबरेल, ३०० ग्रॅम पामतेल, ३०० ग्रॅम शेंगतेल आणि १०० ग्रॅम एरंडेल असं एक किलो तेल धरा. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम, पामतेलाला ०.१४२, शेंगतेलाला ०.१३६ आणि एरंडेलाला ०.१२८. बेरीज केली की १५१ ग्रॅम होतात. त्यातले ५ टक्के मुद्दाम कमी करायचे, म्हणजे थोडं तेल तसंच शिल्लक राहतं आणि वडी अंगाला झोंबत नाही. असा १४३ ग्रॅम सोडा आणि ३०० ग्रॅम पाणी. तेलाची जात बदलली की आकडा बदलतो. खोबरेल महाग झालं म्हणून कोणी ते पुरतं वगळलं आणि त्याच्या जागी पामतेल वाढवलं, पण सोडा तेवढाच ठेवला, तर त्या घाण्यात सोडा शिल्लक राहून अंगाची आग होणार. भाववाढीचा असाही एक धोका आहे. वाटी-चमच्याचं माप इथं चालत नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवाच.

सोड्याविषयी दोन शब्द कडक भाषेत लिहिले पाहिजेत. हा खायचा सोडा नव्हे, धुण्याचाही नव्हे. कॉस्टिक कातडी जाळतो, डोळ्यात गेला तर दृष्टी नेतो. नेहमी पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. काम खळ्यात, उघड्यावर करायचं. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, पोरंबाळं आणि गुरं लांब. आणि आपल्या घरोघरी असतं ते जर्मनचं पातेलं चुकूनही वापरायचं नाही. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. स्टीलचं भांडं किंवा जाड प्लास्टिकची बादली घ्या. अंगावर उडालाच तर लिंबू-व्हिनेगर चोळत बसू नका. वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटं धरा. डोळ्यात गेला तर तसंच भरपूर धुऊन थेट दवाखाना गाठा. पोटात गेला तर उलटी करवायची नाही. सोड्याचं पाणी कधीही पिण्याच्या बाटलीत किंवा तांब्यात ठेवू नका. ते साध्या पाण्यासारखंच दिसतं.

सोड्याचं पाणी आणि तेल दोन्ही कोमट झालं की एकत्र करून घुसळायचं. हाताने अर्धा-पाऊण तास लागतो, विजेच्या घुसळणीने काही मिनिटं. मिश्रण आधी ताकासारखं, मग पातळ श्रीखंडासारखं होतं. वरून धार सोडली आणि तिची रेघ क्षणभर तशीच दिसली, की साच्यात ओतायची वेळ झाली. लाकडी खोका, आत मेणकागद, हा सगळ्यात स्वस्त साचा. थंडीत वरून गोधडी घालावी लागते. मे महिन्यात गोधडी घातली तर आतली उष्णता वाढून साबण मधोमध फुगतो, फाटतो, कधी खोक्याबाहेर येतो.

कापायची वेळ साधणं हे हाताचं काम आहे. साधारण एक ते दोन दिवसांनी ठोकळा खव्याच्या वडीसारखा होतो. बोटाने दाबला तर खळगा पडतो, पण बोटाला चिकटत नाही. ती वेळ खरी. आधी कापलात तर सुरीला लडबडतो, उशीर केलात तर कडेचे तुकडे उडतात. खोबरेल जास्त असेल तर बारा तासांतच कापावा लागतो, नाहीतर विटेसारखा होतो. सुरीपेक्षा ताणलेली बारीक स्टीलची तार बरी, वडी सरळ येते. एका लाकडी चौकटीला ठरावीक अंतरावर तारा ताणून घेतल्या तर सगळ्या वड्या सारख्या वजनाच्या निघतात. गावचा सुतार हे अर्ध्या दिवसात करून देईल.

इथपर्यंतचं सगळं प्रशिक्षणात दाखवतात. टाळ्या वाजतात, प्रमाणपत्रं मिळतात आणि गाडी निघून जाते.

दीड महिना नेमकं काय होतं?

बऱ्याच जणींचा समज असा की साबण मुरतो म्हणजे त्यातला सोडा हळूहळू निघून जातो. तसं नाही. तेल आणि सोड्याची क्रिया पहिल्या एक-दोन दिवसांतच जवळपास पुरी होते. सोडा मोजताना जास्त पडला असेल, तर वडी चार महिने फळीवर ठेवली तरी ती अंगाला लावण्याजोगी होईल असा भरवसा नाही. मुरवण्याने चुकीचं माप दुरुस्त होत नाही, हे गटाच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवावं.

मुरताना जातं ते पाणी. वडी आटते, कडक होते, तिची आतली घडण बदलते, फेस दाट येतो आणि पाण्यात लवकर विरघळत नाही. वरच्या घाण्याचंच उदाहरण घ्या. एक किलो तेल, १४३ ग्रॅम सोडा, ३०० ग्रॅम पाणी, म्हणजे १४४३ ग्रॅम मिश्रण. सहा आठवड्यांत त्यातलं सुमारे १२ टक्के वजन जातं आणि १२७० ग्रॅमच्या आसपास साबण उरतो. भारतीय मानकात अंगाच्या साबणाची प्रत त्यातल्या एकूण स्निग्धांशावर ठरते: पहिली प्रत किमान ७६ टक्के, दुसरी ७०, तिसरी ६०. एक किलो तेलातून ढोबळ ९५० ग्रॅम स्निग्धांश धरला, तर ताज्या कापलेल्या वडीत तो ६६ टक्के भरतो आणि मुरलेल्या वडीत ७५ च्या जवळ जातो. तोच साबण, तेच तेल, तीच मेहनत. आज विकला तर तिसरी प्रत, दीड महिना थांबलात तर चांगली दुसरी. फुकटात एवढी बढती दुसऱ्या कुठल्या मालाला मिळते?

वजनाची आणखी एक मेख आहे. ताजी वडी १०० ग्रॅमची कापून लगेच वेष्टनावर "१०० ग्रॅम" छापलं, तर गिऱ्हाईकाच्या हातात ती ८८ ग्रॅमची पडते. वजनमापे खात्याच्या माणसाने काट्यावर टाकली तर "पाणी उडालं" हे उत्तर पुरणार नाही. वडी ११५ ग्रॅमची कापा, मुरल्यावर १०१ च्या आसपास येईल. एका घाण्यातून मग चौदा नाही, बाराच वड्या निघतील. दर ठरवताना बारानेच भागा. चौदाने भागून दर लावणारे गट पहिल्या दिवसापासून तोट्यात असतात आणि त्यांना ते कळतही नाही.

साबण मुरला हे ओळखायचं कसं? तारीख हा एक अंदाज झाला. खरी परीक्षा काट्यावर. प्रत्येक घाण्यातल्या एका वडीवर खूण करा, दर आठवड्याला तिचं वजन करून वहीत लिहा. लागोपाठ दोन आठवड्यांत वजन जवळजवळ तेवढंच भरलं, की घाणा तयार. सोडा शिल्लक नाही ना हे पाहायला हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण असतं. ताज्या कापलेल्या भागावर एक थेंब टाकला आणि गडद गुलाबी रंग उमटला तर तो घाणा बाजूला काढा. चांगला साबणही थोडा अल्कधर्मीच असतो, त्याचा सामू ९ ते १० असतो. "आमचा साबण साडेपाच सामूचा" असं कुणी तेल-सोड्याच्या साबणाबद्दल छापत असेल, तर छापखान्याचं बिल वाया गेलं म्हणायचं.

पाऊस, उंदीर आणि पापडाची खोली

साठवणीचं शास्त्र फारसं अवघड नाही, जागेचा प्रश्न अवघड आहे. वड्या बांबूच्या किंवा लाकडाच्या फळ्यांवर, दोन वड्यांत बोटभर अंतर ठेवून, उभ्या मांडायच्या आणि आठवड्यातून एकदा बाजू बदलायची. ऊन नको, वारा हवा. गंजक्या पत्र्यावर किंवा लोखंडी जाळीवर ठेवल्या तर नारिंगी डाग पडतात आणि खवट वास येतो. करडई-सूर्यफुलासारखं तेल जास्त वापरलं तर हा खवटपणा लवकर येतो. स्वस्त मिळालं म्हणून जुनं, वास लागलेलं तेल घातलं तर आणखी लवकर. चुलीवरचा माळा कोरडा असतो, पण तिथं ठेवलेल्या साबणाला धुराचा वास लागतो. उंदरांना साबण आवडतो, कारण त्यांच्या दृष्टीने ती चरबीच. बारीक जाळीचं दार लावल्याशिवाय फळ्यांचा उपयोग नाही.

बहुतेक गटांची खोली एकच असते. सकाळी पापड, दुपारी मसाला, संध्याकाळी साबण. हे ताबडतोब थांबलं पाहिजे. पापडाला साबणाचा वास लागतो ही तक्रार किरकोळ आहे. ज्या ओट्यावर पीठ मळलं जातं, त्याच ओट्यावर कॉस्टिक सांडतो, ही खरी भीती. एका चिमटीत एखाद्या पोराचं तोंड भाजेल.

आणि आपला पाऊस! जून ते सप्टेंबर इथली हवाच ओली. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, म्हणून वड्यांना घाम फुटतो, ठेवलेली वडी वाळायची सोडून ओली होते. देशावर जो साबण चार आठवड्यांत तयार होतो, त्याला इथं श्रावणात दोन महिनेही पुरत नाहीत. यातला पेच असा की आपल्या गटांची मोठी विक्री गणपतीत. चाकरमानी येतात, जाताना कोकमं, पापड, साबण घेऊन जातात. त्या मागणीसाठी गट जुलैत कामाला लागतात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात. मागोमाग दिवाळी. तिच्या साबणाचाही मुहूर्त ऑगस्ट-सप्टेंबरात पडतो.

यावर उपाय कॅलेंडर उलटं वाचण्याचा. डिसेंबर ते मार्चमधले घाणे मेच्या गर्दीसाठी. गणपतीचा साबण मार्च-एप्रिलात ओतायचा, पावसाच्या तोंडावर तो मुरलेला असला पाहिजे. मग कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरून ठेवायचा. मुरलेला साबण बंद डब्यात ठेवायला हरकत नाही. कच्चा ठेवला तर बुरसट वास येतो. चांगल्या तेलाचा साबण असा वर्षभर टिकतो. पावसात नवे घाणे घेऊच नयेत. त्या चार महिन्यांत शेतीची कामं असतातच.

पैसा फळीवर अडकतो

पण मार्चात ओतून सप्टेंबरात विकायचं तर मधले सहा महिने तेलाचे पैसे कोणाचे? इथं सगळं अडतं.

समजा, गट आठवड्याला १० किलो तेलाचा साबण करतो आणि तेल, सोडा, वास, वेष्टन धरून किलोमागे २५० रुपये खर्च येतो. आठवड्याला अडीच हजार. पहिली वडी विकायला सहा आठवडे, म्हणजे तोवर १५ हजार रुपये फळ्यांवर वाळत पडलेले. गटाला मिळणारा फिरता निधी काही हजारांचा. तो पहिल्याच फेरीत संपतो. तेलाचा भाव दीडपट झाला की अडकणारी रक्कमही तशीच फुगते. बँकेने कर्ज दिलं तर पहिला हप्ता महिन्याने. साबण सहा आठवड्यांनी तयार होणार, विकून पैसे हातात यायला आणखी पंधरा-वीस दिवस. पहिल्या दोन हप्त्यांचे पैसे येणार कुठून? घरातून, मजुरीतून, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात कच्चा साबण विकून. "बायकांना धीर धरवत नाही" असं म्हणणाऱ्या साहेबांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

आंबा कलमाला बँक फळ येईपर्यंत थांबते, पीककर्ज सुगीनंतर फेडायचं असतं. ही समज शेतीत रुळली आहे. साबणही पिकासारखा वेळ घेतो, हे शाखाधिकाऱ्याला कोणी सांगत नाही. गटाला मुदत कर्जाऐवजी कॅश क्रेडिट मर्यादा मागता येते. लागेल तेवढंच उचलायचं, उचलल्यावरच व्याज. साबण करणाऱ्या गटाने तीच मागावी. मुदत कर्जच घ्यावं लागलं, तर पहिला हप्ता तीन महिन्यांनी सुरू व्हावा असं अर्जात लिहावं आणि कारण म्हणून वजनाची वही जोडावी. तोंडी सांगण्यापेक्षा लिहिलेला आकडा बँकेत लवकर ऐकला जातो.

परवान्याची गोष्ट

घरच्या वापरासाठी साबण करायला कुणाचीही परवानगी लागत नाही. विकायला लागते, आणि हे अनेक गटांना माहीत नसतं. पूर्वी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातल्या सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येतून साबण वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. आज अंगाच्या साबणाला सौंदर्यप्रसाधने नियम २०२० लागू आहेत आणि विकण्यासाठी तो बनवायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला किंवा उद्यम नोंदणी म्हणजे हा परवाना नव्हे. दाखला देताना हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितलं तरी पुष्कळ काम होईल. "खाज जाते, मुरुम बरे होतात" असं वेष्टनावर लिहिलंत तर प्रकरण औषधाच्या कलमात जातं आणि परवानाही वेगळा लागतो. कडुनिंब घातला असेल तर "कडुनिंबाचा साबण" एवढंच लिहा.

दहा बायकांच्या गटाला स्वतंत्र जागा, भांडी, तांत्रिक माणूस आणि शुल्क हे सगळं जड जातं, यात शंका नाही. नियमांचा हेतू बरोबर आहे, माप मात्र कारखान्याचं आहे. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तांत्रिक माणसाच्या पात्रतेत बारावीला रसायनशास्त्र घेऊन पास झालेली व्यक्तीही बसते. अशी एखादी सून किंवा मुलगी आज बहुतेक गावांत सापडेल. जिल्ह्याच्या औषध प्रशासन कार्यालयात जाऊन तिच्या नावाने विचारणा करायला काय हरकत आहे?

परवाना प्रत्येक गटाने घ्यावा असं कुठं आहे? उमेदच्या रचनेत गटांचा ग्रामसंघ आणि ग्रामसंघांचा प्रभागसंघ असतो. प्रभागात एक परवाना, एक साबणघर, एक मुरवायची खोली, एक वही. गावातल्या गटांनी बिया गोळा कराव्यात, तेल काढून आणावं, पाळीने येऊन घाणे ओतावेत. पैसा तिथल्या फळीवर अडकेल तेव्हा तो एका गटाच्या दहा घरांचा नसेल, सगळ्या प्रभागाचा असेल. आणि प्रभागसंघाला तो सोसवेल.

खोली कुठून आणायची, हा प्रश्न सरपंचांना विचारा. पट कमी झाल्याने बंद पडलेल्या शाळांच्या वर्गखोल्या, कुलूप लावलेलं समाजमंदिर, अर्ध्यावर राहिलेलं गोदाम, यांतलं काहीतरी दर दोन-तीन गावांत असतंच. छत गळत नसलं, खिडकीला जाळी असली आणि जमिनीपासून हातभर उंच फळ्या बसवल्या की मुरवायची खोली झाली. अशा खोलीत कॉस्टिकचा डबा ठेवायचा नाही. त्याला वेगळं, कुलूपबंद कपाट. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. ते कशावर जातात हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. फळ्या, जाळी आणि एक चांगला काटा यांची मागणी लेखी द्या, इतिवृत्तात नोंद झाली का ते पाहा.

राहिला प्रशिक्षणाचा विषय. संस्था कोणतीही असो, तिने साबण शिकवायला दोन फेऱ्यांत यावं. पहिल्या फेरीत ओतणं आणि कापणं, सहा आठवड्यांनी दुसऱ्या फेरीत त्याच घाण्याचं वजन, परीक्षा, वेष्टन आणि दर. पहिली फेरी ऑक्टोबरच्या शेवटी ठेवली तर दुसरी डिसेंबरात पडते. हवा कोरडी असते आणि मेसाठी पुढचे घाणे लावायला चार महिने हातात राहतात. गटाने प्रशिक्षणाचा अर्ज देतानाच दोन तारखा मागाव्यात. एकच तारीख मिळाली, तर निदान ती पावसातली नसावी.